आभाळाचा घाव, भुईचं धन

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या ओसाड माळावर एक गोल खड्डा आहे. रुंदी सुमारे सव्वा किलोमीटर, खोली १७० मीटर. १९०३ साली डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाण-अभियंत्यानं कंपनी काढून त्याचे खाणहक्क मिळवले. खड्ड्याच्या आसपास लोखंडाचे तुकडे विखुरलेले होते आणि त्यात सात टक्क्यांच्या आसपास निकेल होतं. बॅरिंजरचा हिशेब सरळ होता. एवढा खड्डा पाडणारा लोखंडी अशनी तेवढाच दांडगा असणार, आणि तो पडला तिथेच, खड्ड्याच्या तळाशी गाडलेला असणार. त्याचा अंदाज होता दहा कोटी टन. ते उपसायला मिळालं तर पिढ्यान् पिढ्यांची ददात मिटली.

पुढची सव्वीस वर्षं तो खणत राहिला. तळाला भोकं पाडली, कडेला भोकं पाडली, भागीदार आणले, भागीदार गमावले. १९२९मध्ये कंपनीच्या संचालकांनी एफ. आर. मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाकडून गणित करून घेतलं. उत्तर आलं की एवढा खड्डा पाडायला तीन लाख टनांचा अशनी पुरेसा आहे; शिवाय आदळताना निर्माण झालेल्या उष्णतेत त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन गेला असणार. म्हणजे तळाशी काढण्यासारखं काही नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बॅरिंजर हृदयविकाराच्या झटक्यानं गेला.

खड्डा अशनीच्या आघातानं झाला, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातले नामांकित शास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९१मध्ये त्या खड्ड्याचं श्रेय जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाला दिलं होतं; त्यांच्यापेक्षा बॅरिंजर पुष्कळ पुढे होता. चूक एकाच ठिकाणी झाली. आभाळातून आलेला दगड संपत्ती घेऊन आला असणार, असं त्यानं धरलं.

तसं होत नाही. आणि तरीही जगातल्या काही अफाट खाणी, तेलसाठे, मिठागरं आणि पाणीसाठे अशा विवरांतच आहेत. पृथ्वीवर आजवर खात्री पटलेली आघात-विवरं दोनशेच्या आसपास. त्यांच्या आर्थिक बाजूचा पद्धतशीर आढावा कॅनडाचे रिचर्ड ग्रीव्ह आणि रशियाचे व्हिक्टर मासाइतिस यांनी १९९४मध्ये घेतला, तेव्हा साधारण चौथ्या हिश्श्याच्या विवरांशी काही ना काही उपयोगी खनिज वा इंधन निगडित असल्याचं दिसलं. हे धन आलं कुठून, हे समजून घ्यायचं तर दगड विसरून घावाकडे बघावं लागतं.

घाव कसा बसतो

लघुग्रहाचा तुकडा सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येतो. बंदुकीच्या गोळीच्या वीसपट वेग. त्याची सगळी गतिज ऊर्जा क्षणार्धात जमिनीत शिरते. आघाताची लाट कातळातून धावते तेव्हा खडक काही काळ द्रवासारखा वागतो. जमीन खाली दबते, बाजूला फेकली जाते. मोठ्या विवरात तळ उसळी मारून मध्यभागी डोंगर उभा राहतो आणि कडा आत कोसळतात. हे सारं काही मिनिटांत उरकतं. दगडाच्या आकाराच्या दहा-वीसपट रुंद विवर मागे राहतं. दगड स्वतः बहुधा उरत नाही.

उरतात त्या चार गोष्टी. पहिली, उलथापालथ: खोलवरचे थर वर येतात, वरचे खाली गाडले जातात. दुसरी, उष्णता: वितळलेल्या खडकाचं तळं थंड व्हायला हजारो, कधी लाखो वर्षं लागतात आणि तोवर भेगांतून गरम पाणी खेळत राहतं. तिसरी, भेगा: किलोमीटरच्या किलोमीटर खोल चुरा झालेला खडक, ज्यात पाणी, तेल, वायू मुरू शकतात. चौथी, नुसता खड्डा: वाहून येणारं सगळं साठवून ठेवणारा. यांपैकी कोणती गोष्ट कामाला आली त्यावर धनाचा प्रकार ठरतो. भूवैज्ञानिक त्याचे तीन गट करतात: आघाताआधीच असलेलं, आघातानं घडलेलं आणि आघातानंतर जमलेलं.

गाडलं म्हणून वाचलं

आधीच असलेल्या धनाचं सर्वांत मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला, वाल नदीकाठच्या पॅरिस गावाभोवती डोंगरांची एक अर्धवर्तुळाकार रांग दिसते. हा व्रेडेफोर्ट घुमट. सुमारे दोनशे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या आघातात उसळलेल्या मध्यभागाचे हे उरलेसुरले अवशेष. मूळ विवर २५० ते ३०० किलोमीटर रुंद असावं. म्हणजे मुंबईपासून नाशिकच्याही पलीकडे. वरचा कित्येक किलोमीटरचा थर आता झिजून गेला आहे. २००५मध्ये युनेस्कोनं या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या घुमटाभोवती कमानीसारखं पसरलेलं विटवॉटर्सरँडचं सुवर्णक्षेत्र आहे. १८८६मध्ये लांगलाख्ते इथं सोन्याचा थर सापडला, माणसांची झुंबड उडाली आणि माळावर जोहान्सबर्ग उभं राहिलं. आजवर माणसानं जमिनीतून काढलेल्या एकूण सोन्यापैकी एक तृतीयांशाच्या आसपास या एका क्षेत्रातून आलं आहे.

हे सोनं अशनीनं आणलेलं नाही. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरांत ते आघाताच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून होतं. आघातानं त्या थरांना घुमटाभोवती खोल दाबलं, वाकवलं, वर ढिगारा घातला. उघड्यावर राहिले असते तर पुढच्या दोनशे कोटी वर्षांच्या ऊन-पावसानं ते थर झिजून समुद्राला मिळाले असते. गाडले गेले म्हणून टिकले. त्याची किंमत खाणकामगार मोजतो: कार्लटनव्हिलजवळच्या म्पोनेंग खाणीत सोन्यासाठी जवळजवळ चार किलोमीटर खोल उतरावं लागतं.

कॅनडातल्या कार्सवेल विवरात याच्या उलट घडलं. खोलवरचा युरेनियमयुक्त खडक उसळीबरोबर वर आला आणि क्लफ लेकच्या खाणीला हाताशी सापडला. एके ठिकाणी घावानं धन झाकलं, दुसऱ्या ठिकाणी उघडं केलं.

सडबरीचं निकेल

घावानंच धन घडवलं, असं बिनतोड सांगता येईल ते सडबरीबद्दल.

१८८३मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पॅसिफिक रेल्वेचे रूळ टाकले जात होते. रेल्वेच्या कामावरच्या टॉम फ्लॅनेगन नावाच्या लोहाराला कापलेल्या खडकात गंजलेला, धातूचा पट्टा दिसला. आधी सगळ्यांनी तांबं म्हणून खणलं. पण भट्टीतून निघालेलं तांबं नीट शुद्ध होईना, कारण त्यात निकेल होतं आणि त्या काळी निकेलला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १८९०च्या दशकात युद्धनौकांच्या चिलखती पत्र्यांसाठी निकेल-पोलाद वापरात आलं आणि अडगळीचा धातू सोन्याच्या मोलाचा झाला. १९०१मध्ये खुद्द थॉमस एडिसन आपल्या बॅटऱ्यांसाठी निकेल शोधत सडबरीला आला. त्यानं खणलेला खड्डा भुसभुशीत वाहत्या वाळूत अडकला आणि तो परत गेला. पुढे त्याच परिसरात फाल्कनब्रिज कंपनीची खाण उभी राहिली.

हे सगळं चाललेलं असताना आपण कशाच्या काठावर उभे आहोत, हे कुणाला ठाऊक नव्हतं. सुमारे साठ किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद असलेलं हे लांबट वर्तुळ ज्वालामुखीय मानलं जाई. १९६४मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक रॉबर्ट डिट्झ यांनी ते आघात-विवर असल्याचं मांडलं. खाणी सुरू होऊन तेव्हा ऐंशी वर्षं झाली होती. आघाताच्या लाटेशिवाय तयार न होणारे, घोड्याच्या शेपटीसारख्या रेषा असलेले शंकूच्या आकाराचे खडक इथं सापडतील, हे त्यांचं भाकीत खरं ठरलं.

आज जे चित्र उभं राहिलं आहे ते असं. १८५ कोटी वर्षांपूर्वीच्या आघातानं इतका खडक वितळवला की त्याचा दोन-तीन किलोमीटर जाडीचा तप्त रस साचला. आघातात वितळलेल्या त्या पृथ्वीच्याच कवचात निकेल, तांबं, प्लॅटिनम गटातले धातू थोडे थोडे विखुरलेले होते. रस निवू लागला तसं गंधकाचं द्रव मिश्रण त्यातून वेगळं झालं. आमटीतून तेलाचा तवंग वेगळा होतो तसं, फक्त उलट दिशेनं, कारण हे मिश्रण जड होतं. वाटेत भेटलेला निकेलचा आणि तांब्याचा प्रत्येक कण शोषत ते तळाशी बसलं आणि तळाच्या भेगांत घुसलं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ माणूस तेच खणतो आहे. निकेल अशनीतून आलं, हा समज समस्थानिकांच्या अभ्यासानं मागे पडला.

हे कळल्याचा व्यवहारात उपयोग झाला. विवराबाहेर अरासारख्या फुटलेल्या भेगांतही धातू असणार, हे आघाताच्या चित्रातून सरळ निघतं; तिथं शोध घेतला गेला आणि धातू मिळाला.

सडबरीनं त्याची किंमतही चुकवली. १९२९पर्यंत खनिज उघड्यावर, ओंडक्यांच्या ढिगांवर महिनोन्‌महिने भाजलं जाई. गंधकाच्या धुरानं हजारो हेक्टरांवरची झाडं मेली, माती वाहून गेली, उरला काळा ठिक्कर कातळ. १९७२मध्ये ३८१ मीटर उंचीची चिमणी बांधली, तेव्हा धूर गावावरून उठून दूरच्या तळ्यांवर आम्लाचा पाऊस होऊन पडू लागला. १९७८पासून लोकांनी टेकड्यांवर हातानं चुना टाकला, गवत पेरलं आणि त्यानंतर ९० लाखांहून अधिक झाडं लावली. धुरावर कडक मर्यादा आल्या. आज टेकड्या पुन्हा हिरव्या आहेत. क्रेटन खाणीत दोन किलोमीटर खाली असलेल्या न्यूट्रिनो वेधशाळेतल्या कामासाठी आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५चं नोबेल मिळालं. विवरानं खाण दिली, खाणीनं प्रयोगाला लागणारी खोली दिली.

हिरे आहेत, गिऱ्हाईक नाही

घावानं घडवलेलं धन नेहमी तिजोरीत जातंच असं नाही. उत्तर सैबेरियातल्या पोपिगाई विवराची रुंदी शंभर किलोमीटर आणि वय सुमारे साडेतीन कोटी वर्षं. तिथल्या खडकात ग्रॅफाइट होतं. आघाताच्या दाबाखाली त्याचे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हिरे झाले. मासाइतिस यांच्या चमूनं ते १९७१मध्ये ओळखले आणि सोव्हिएत सरकारनं ती गोष्ट गुलदस्त्यात ठेवली. २०१२मध्ये रशियानं ती उघड केली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत अब्जावधी कॅरटचे मथळे झळकले.

पण हे हिरे अंगठीत बसवायचे नव्हेत. बारीक, गढूळ, अतिशय कठीण असे औद्योगिक हिरे आहेत ते. कापायला, घासायला उपयोगी. तेच काम कारखान्यात बनवलेले कृत्रिम हिरे स्वस्तात करतात. रस्ता नसलेल्या, गोठलेल्या टोकाला जाऊन ते कोण आणणार? पोपिगाई आजही तसंच पडून आहे.

जर्मनीतल्या बव्हेरियात, नॉर्डलिंगन गावात, लोक अशाच बारीक हिऱ्यांच्या सान्निध्यात शतकानुशतकं राहत आले. हे गावच मुळी दीड कोटी वर्षं जुन्या, पंचवीस किलोमीटर रुंद रीस विवराच्या आत वसलं आहे. तिथल्या मध्ययुगीन चर्चचा दगड स्थानिक खाणीचा. १९६०च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना या दगडात कोएसाइट सापडलं. वाळूतल्या क्वार्ट्झवर प्रचंड दाब पडला तरच बनणारं हे खनिज. त्यामुळे रीसच्या जन्माचा वाद मिटला. पुढे त्याच दगडात सूक्ष्म हिरेही आढळले. त्यांचा बाजारभाव शून्य. दगड मात्र उपयोगी ठरला: बांधकामाला आणि सिमेंटमध्ये मिसळायला.

कोळ्याला दिसलेला तवंग

आघातानंतर जमलेलं धन म्हणजे मुख्यतः तेल, वायू, पाणी आणि क्षार. यातली सर्वांत गाजलेली गोष्ट मेक्सिकोची.

कांपेचेच्या आखातात मासेमारी करणाऱ्या रुदेसिंदो कांतारेल या कोळ्याला समुद्रावर तेलाचा तवंग दिसे. त्यानं ती खबर पेमेक्स या सरकारी तेल कंपनीला दिली. १९७६मध्ये तिथं जे तेलक्षेत्र सापडलं त्याला त्याचंच नाव मिळालं. कांतारेल क्षेत्रातून २००४मध्ये दिवसाला एकवीस लाख पिंपांच्या आसपास तेल निघत होतं. भारतभरच्या त्या वेळच्या उत्पादनाच्या तिप्पट, एकट्या एका क्षेत्रातून.

हे तेल ज्या खडकात मुरलं आहे तो चुनखडीचा चुरा आहे, कुठं पन्नास तर कुठं तीनशे मीटर जाड. तो चुरा झाला कसा, याचं उत्तर शेजारच्या युकातान द्वीपकल्पाखाली आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसोरांचा शेवट करणारा लघुग्रह तिथं आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं चिकशुलुब विवर झालं. हादऱ्यानं काहीशे किलोमीटरवरचा समुद्रकाठचा चुनखडीचा कडा कोसळला. तो चुरा तळाशी साचला; त्यावर आघातात उडालेला बारीक गाळ बसला, त्याची पुढे चिकणमाती झाली. खाली सच्छिद्र खडक, वर घट्ट झाकण. तेल नंतर सावकाश आलं आणि झाकणाखाली अडकलं.

विवराचा शोधही तेलवाल्यांच्याच हातून लागला. १९७८मध्ये पेमेक्ससाठी चुंबकीय नकाशे तपासताना ग्लेन पेनफील्ड आणि अंतोनिओ कामार्गो यांना जमिनीखाली एक प्रचंड कमान दिसली. त्यांनी १९८१मध्ये ते मांडलं, पण विवर म्हणून मान्यता मिळायला आणखी दहा वर्षं गेली. कांतारेलचं वैभवही फार टिकलं नाही. २००४नंतर सहा-सात वर्षांत उत्पादन तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आलं.

ओक्लाहोमातलं एम्स विवर लहान, चौदा-पंधरा किलोमीटरचं, आणि आज जवळजवळ तीन किलोमीटर गाडलेलं. त्याच्या तळाच्या फुटलेल्या ग्रॅनाइटमधून १९९१मध्ये तेल उसळलं. ग्रॅनाइटमध्ये तेल असत नाही, हे भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. इथं विवरानं तिन्ही कामं एकट्यानं केली होती. बंद, कोंडलेल्या पाण्यात सेंद्रिय गाळ साचला, त्यातून तेल झालं. फुटलेल्या खडकानं ते सामावून घेतलं. वरच्या थरानं अडवलं.

या यशानं डोकं फिरणाऱ्यांसाठी स्वीडनची गोष्ट आहे. खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांचं म्हणणं होतं की नैसर्गिक वायू जिवांपासून तयार होत नाही, तो पृथ्वीच्या पोटातून वर झिरपतो. मग सिल्यानसारख्या मोठ्या विवराखालच्या भेगांतून तो मिळायलाच हवा. १९८६पासून तिथं ग्रॅनाइटमध्ये साडेसहा किलोमीटरहून खोल विहीर खणली गेली. सामान्य गुंतवणूकदारांचा पैसाही त्यात होता. विकण्याजोगा वायू मिळाला नाही. बॅरिंजरला धन आभाळातून हवं होतं, गोल्डना पाताळातून. दोघांनीही विवराला दार समजण्याची गफलत केली. प्रत्यक्षात ते कोठार असतं, आणि कोठारात काय असणार ते आसपासच्या खडकावर ठरतं.

पाणी, इथलं आणि चंद्रावरचं

युकातानच्या पृष्ठभागावर नद्या जवळजवळ नाहीत. तिथल्या माया संस्कृतीला पाणी मिळालं ते चुनखडी खचून झालेल्या विहिरीसारख्या खोल कुंडांतून. या कुंडांची जागा नकाशावर मांडली तर त्यातल्या कित्येकांची मिळून एक सुबक कमान होते, आणि ती गाडलेल्या चिकशुलुब विवराच्या कडेवरून जाते. कडेच्या भेगांनी भूजलाला वाट दिली. कॅनडातल्या क्विबेकमध्ये एकवीस कोटी वर्षं जुन्या मानिकुआगान विवराच्या कंकणाकृती खोलगटीत १९६८मध्ये पुरं झालेल्या धरणानं पाणी भरलं. आज ते जलविद्युत केंद्रं चालवतं आणि अंतराळातून डोळ्यासारखं दिसतं.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या विवरांकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत तेही पाण्यासाठीच. चांद्रयान-१वरच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या. ऑक्टोबर २००९मध्ये नासानं काबेयस विवरात रॉकेटचा टप्पा आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात पाणी आढळलं. त्या विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोचत नाही, म्हणून तिथं बर्फ टिकतो. इथंही विवरानं केलं ते एवढंच: जे आलं ते राखलं.

लोणारचा दल्ला

आता घरी येऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. १.८ किलोमीटर रुंद, सुमारे दीडशे मीटर खोल. तळाशी खारं तळं, काठाला कमळजा देवीचं देऊळ, कडेतून बारमाही गोड्या पाण्याची धार. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये असं विवर पडणं ही दुर्मीळ गोष्ट. मंगळाचा पृष्ठभाग बेसॉल्टचाच असल्यानं तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ इथं येतात. याला पूर्वी ज्वालामुखीचं तोंड म्हणत. ज्या १९६४ साली डिट्झनी सडबरीबद्दल लिहिलं त्याच साली त्यांनी आणि ई. सी. लाफाँड यांनी लोणार हे अशनिपाताचं विवर असावं असं मांडलं. १९७३मध्ये तळाच्या खोदकामात मिळालेल्या नमुन्यांनी ते सिद्ध केलं. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरलं जाई. २०११च्या मोजणीनं ते ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं.

सडबरीला निकेल, लोणारला खार. बेसॉल्ट झिजतो तेव्हा त्यातून सोडियम, कॅल्शियम सुटतात. झरे आणि पाऊस ते तळ्यात आणतात. तळ्याला बाहेर वाट नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार राहतात. कॅल्शियम आधी चुन्याच्या रूपात तळाशी बसतं आणि पाण्यात सोडियमचे कार्बोनेट व मीठ तेवढं वाढत जातं. पाण्याचा सामू दहाच्या घरात पोचतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर पांढरा थर उघडा पडे. तो काढणाऱ्यांनी त्याच्या प्रती ठरवून नावं दिली होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. पापडखारातलं मुख्य द्रव्यही याच कुळातलं.

सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलनं ऐन-इ-अकबरीत वऱ्हाडचं वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे: तळ्यात काच आणि साबण बनवायचं साहित्य मिळतं आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो. इंग्रजी अमदानीतही खाराच्या नोंदी गॅझेटियरमध्ये येत राहिल्या. १८२३मध्ये इथं आलेला इंग्रज अधिकारी जे. ई. अलेक्झांडर, अकबराच्या दरबारातला अबुल फझल आणि खार उपसणारे मजूर, या कुणालाच हा खड्डा आभाळातून पडलेल्या दगडाचा आहे हे माहीत नव्हतं. त्याविना त्यांचं काही अडलंही नाही.

लोणारचं एक जुळं भावंड दक्षिण आफ्रिकेत आहे. प्रिटोरियाजवळचं त्स्वाइंग विवर, १.१३ किलोमीटर रुंद, २ लाख २० हजार वर्षं वयाचं. तळाशी तसंच खारं तळं. तिथले लोक शतकानुशतकं मीठ नेत. १९१२ ते १९५६ एका कंपनीनं तिथं सोडा काढला, मग गाशा गुंडाळला. आज ते राखीव क्षेत्र आहे. दोन्हीकडे धंदा मोडण्यामागे एकच कारण दिसतं. १८६०च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेनं साध्या मिठापासून आणि चुनखडीपासून स्वस्तात सोडा करण्याची रीत काढली. आपल्याकडे १९३९मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्स उभी राहिली. पोपिगाईच्या हिऱ्यांचं जे झालं तेच दल्ल्याचं झालं. भूगर्भ बदलला नव्हता, बाजार बदलला होता.

प्रत्येक गोल खड्डा तिजोरी नव्हे

भारतात लोणारखेरीज दोन विवरं मान्यता पावली आहेत: राजस्थानच्या बारां जिल्ह्यातलं रामगढ आणि मध्य प्रदेशच्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला. ढालाची गोष्ट विशेष आहे. अणुखनिज संचालनालयानं युरेनियमच्या शोधात तिथं विंधनछिद्रं पाडली होती. त्या परिसराला जुन्या ज्वालामुखीचा अवशेष मानलं जाई. पुढे तिथल्या खडकांत आघाताच्या खुणा ओळखता आल्या आणि २००८च्या सुमारास हे कोट्यवधी वर्षं जुनं, अकरा किलोमीटरचं विवर असल्याचं प्रसिद्ध झालं. खनिज शोधणाऱ्यांच्या खोदकामातून विज्ञानाला पुरावा मिळण्याचं हे चिकशुलुबनंतरचं आपलं घरचं उदाहरण.

उलट मुंबईच्या समुद्राबाबत सावध राहायला हवं. टेक्सासचे जीवाश्मतज्ज्ञ शंकर चटर्जी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहेत की मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली सुमारे पाचशे किलोमीटरचं 'शिव' नावाचं आघात-विवर आहे आणि बॉम्बे हायचं तेल त्याच्याशी जोडलेलं आहे. बहुसंख्य भूवैज्ञानिकांनी ते मान्य केलेलं नाही. आघाताचा निर्णायक खडक-पुरावा मिळालेला नाही. १९७४मध्ये सापडलेलं बॉम्बे हायचं तेल चुनखडीत आहे आणि ते समजावून सांगायला लघुग्रहाची गरज पडत नाही. जमीन खचून, ज्वालामुखीनं, मिठाचे घुमट वर आल्यानंही गोल आकार होतात. कोएसाइट, दाबानं रेषा उमटलेलं क्वार्ट्झ, शंकूचे खडक यांतलं काहीतरी हातात आल्याशिवाय नकाशावरच्या वर्तुळावर पैसे लावणं म्हणजे बॅरिंजरच्या वाटेनं जाणं.

लोणारचं मोल कशात मोजायचं

लोणारमध्ये आता खार काढला जात नाही. १९७९मध्ये ते भूवारसा स्मारक ठरलं, पुढे अभयारण्य झालं, २०२०मध्ये रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. इतक्या अल्कधर्मी पाण्यात जगणाऱ्या जीवांच्या विकरांना उद्योगात मागणी असते, त्यामुळे हे जीव म्हणजे लोणारचं नवं खनिजच, असंही कुणी म्हणेल.

पण त्याहून मोठा ऐवज तळ्याच्या तळाशी आहे. विवराला बाहेर वाट नसल्यानं हजारो वर्षांचा गाळ थरावर थर साचत गेला आहे. सुषमा प्रसाद यांच्यासह भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तिथून दहा मीटर लांबीचा गाभा काढला आणि गेल्या अकरा हजार वर्षांतल्या मोसमी पावसाची नोंद त्यातून वाचली. २०१४मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. मध्य भारतात पर्जन्यमापक येऊन दीड-दोनशे वर्षं झाली. त्याआधीचा हिशेब ठेवणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर बसलेलं लोणार त्यातलं एक. पुढचा पाऊस कसा वागेल याची गणितं करणाऱ्यांना मागचा पाऊस कसा वागला हे माहीत असणं भाग असतं.

आणि इथंच धोका आहे. ज्या गुणानं खार साठला आणि पावसाची नोंद टिकली, त्याच गुणानं गावाचं सांडपाणी, शेतातली खतं, जत्रेचा कचराही तिथंच राहतो. बाहेर वाट नाही म्हणजे चुकीलाही वाट नाही. सडबरीच्या टेकड्यांवर चुना टाकून झाडं लावता आली. गढुळलेला, उपसलेला गाळ पुन्हा थर लावून बसवता येत नाही. नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं चाललेल्या लोणारच्या याचिकेमागे मुद्दा मुळात हाच आहे, मग चर्चा पर्यटनाच्या रस्त्याची असो की गावाच्या गटाराची.

विवरांच्या या सगळ्या हिशेबात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धन ठरवणारा दगड नसतो. त्या त्या काळाची गरज असते. आघातानं सडबरीत निकेल तळाशी बसवलं, पण त्याला मोल आलं ते चिलखती पोलादाच्या जमान्यात. दल्ल्याला मोल होतं तोवर महसूल होता. सॉल्व्हे आला आणि तो संपला. येत्या शंभर वर्षांत दख्खनला सर्वांत जास्त गरज कशाची पडणार असेल तर ती पावसाच्या अंदाजाची. त्या दृष्टीनं लोणारच्या गाळातला एक मीटर हा जुन्या काळच्या साऱ्या खारपट्टीच्या लिलावांपेक्षा महाग आहे. त्याची राखण करायला खाण-परवाना लागत नाही. लागते ती गावाच्या सांडपाण्याला विवराच्या बाहेरची वाट, आणि ती पुरी होईपर्यंत पाठपुरावा करणारा कुणीतरी.